चार बोटांचं अंतर

२१ एप्रिल

ऑफिसनं मोजमापं लिहायला ही वही दिली. पुढून मोजमापं लिहीन, मागून हे. आज जे पाहिलं त्यासाठी पुढं रकानाच नाही.

नोकरीला तीन आठवडे झाले. कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची, पण ओळखपत्रावर 'अभियंता' लिहिलंय. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. आप्पा तर अजून अंगठा करतात. काम असं की तालुक्यातल्या जुन्या तलावांची पावसाळ्याआधी पाहणी करायची. यादीत आमच्याच गावचा कोल्हओढ्याचा तलाव आहे. मातीचा लहानसा बांध. ओढ्याला एकदम लोंढा आला तर खालची सात घरं वाचावीत म्हणून माझ्या जन्माआधी घातलेला.

जुनी फाईल काढली. सहा वर्षांचे सहा अहवाल, सहाही ठिकाणी 'बांधाची स्थिती समाधानकारक'. तिसऱ्या ओळीत 'झुडपे' ऐवजी 'झुपडे' पडलंय, तेही सहा वर्षं 'झुपडे'च. म्हणजे बांधावर कुणी गेलं नाही आणि आपण काय लिहितोय ते कुणी वाचलंही नाही.

नंदीश सरांना दाखवलं. ते उपअभियंता. म्हणाले, "नजर चांगली आहे तुमची." आणि डबा उघडला.

२४ एप्रिल

बांधावर जाऊन आले. ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर इलाहीबक्षचाचा सोबत होते. टेप धरायला त्यांनाच लावलं. "बेटी, तीस साल गाडी चलाया, साहेब लोक खाली उतरले न्हाईत कधी. तू उतरलीस ते उतरलीस, मलाबी उतरवलंस," म्हणाले.

जे दिसलं ते लिहिते. भरावावर माझ्या मनगटाएवढ्या वेड्या बाभळी. पाण्याच्या बाजूचे अस्तराचे दगड एका पट्ट्यात नाहीतच, माती उघडी. घोरपडीची बिळं. बांधाच्या माथ्यावर मधोमध एक खाच, हातभर खोल. ती खाच मेंढरांनी पाडलेली आहे. गावातले सगळे कळप पलीकडच्या माळावर जायला तिथूनच चढतात. आमचाही.

आणि सांडवा. बांधाच्या एका कडेला जादा पाणी निघून जायला ठेवलेली मोकळी जागा म्हणजे सांडवा. तो बंद आहे! दगड-सिमेंटची पक्की भिंत घातलीय आडवी. गेलेले अस्तराचे दगड त्याच भिंतीत आहेत.

लेव्हल लावून मोजलं. मेंढरांच्या खाचेचा तळ भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली आहे, चार बोटांचं अंतर. तलाव भरला की पाणी सांडव्यातून जाणारच नाही, खाचेतून बांधावरून जाईल. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही. ते लोण्यात सुरी जावी तसं माती कापत जातं.

भिंतीच्या माथ्यावर सिमेंटमध्ये लहान पोराच्या डाव्या पावलाचा ठसा आहे. वहीत नोंदवला. म्हणजे कुणीतरी कंत्राटदारानं मजूर लावून केलेलं हे काम आहे, आणि मजुरांची पोरं ओल्या सिमेंटमधून हिंडत होती. त्या माणसाला लाज नाही.

घरी आले तेव्हा तळवे उन्हानं पोळलेले. आई खोबरेल चोळत म्हणाली, "तुझं तळवं पयल्यापास्नं नाजूक. बारकी असताना तर भाजलंच व्हतं."

"कशानं?"

आईनं आप्पांकडं बघितलं. "लई जुनं हाय ते. पाय हिकडं कर."

आप्पांना मी सगळं सांगितलं. मेंढरांवरून तर मी चांगलंच बोलले, तुमच्यामुळं बांध बसला म्हणाले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "भिंत अडीच हात हाय म्हणून येवढं व्हय?" बरोबर अडीच हातच भरते. मी उंची सांगितली नव्हती. मेंढरांत जन्म गेलेल्या माणसाची नजर, लांबूनसुद्धा चुकत नाही.

१ मे

आज ग्रामसभा. सरपंच अण्णारावांकडून पाच मिनिटं मागून घेतली. नकाशा काढून नेला होता. सांडवा म्हणजे काय, चार बोटं म्हणजे काय, सगळं सांगितलं. भिंत पाडायला हवी असं मी म्हणाले आणि हशा पिकला.

"आगं, तालुक्यात टँकर चालू हायती," अण्णाराव म्हणाले. "पानी जास्ती झाल्याची तक्रार माझ्या जल्मात पयल्यांदा ऐकतोय. लिवून घ्या रे ग्रामसेवक, शोकेसमधी लावू."

मागून कुणीतरी, "येडूबाची पोरगी लई शिकली, आता तलावाला उलटं टांगती!"

मी विचारलं, भिंत कुणी बांधली? म्हातारी माणसं एकमेकांकडं बघत होती. अण्णाराव म्हणाले, "कुनीबी बांधू दे. त्या भिंतीवर चाळीस हिरींचं पानी हाय."

बांधाखालचं पहिलं घर कमलम्माचं. कानडी बाई, नवऱ्यामागं एकटी राहते. ती तेवढी उठून म्हणाली, "येनव्वा सोनम, माजं घर व्हावून जातंय म्हंतीस? मग मी झोपायचं कसं, ते सांग की."

लोक तिलाही हसले.

आप्पा मागं बसले होते. मी बोलत असतानाच उठून गेले. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. आप्पांचं वाटलं. एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं? लेकीसाठी चारचौघांत उभं राहायला एवढी भीती?

९ मे

अहवाल दिला, अकरा पानं, फोटोंसह. नंदीश सरांनी तो माझ्यासमोर पूर्ण वाचला, हे मान्य करते. मग दार लोटून घेतलं.

"सोनम, सांडव्यावर भिंत आहे असं आज लिहिलं की सहा वर्षं का लिहिलं नाही असं विचारतील. त्या सहांतल्या तीन सह्या माझ्या आहेत. मला दोन वर्षं राहिलीत. 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक' करा. पुढच्या आराखड्यात घेऊ."

"आणि यंदा तलाव भरला तर?"

"आपल्याकडं?" ते हसले. वाईट माणूस नाही. त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर भांडायला बरं गेलं असतं.

मी बदललं नाही. अहवाल त्यांच्या टेबलावरच आहे, वर पेपरवेट.

२ जून

आई म्हणते, घमेलं आणि खोरं सकाळी जागेवर नसतं. आप्पा मेंढरं हल्ली बांधावरून नेत नाहीत, ओढ्यातून लांबचा वळसा घालून नेतात. गुडघे दुखत असताना. विचारलं तर, "तितं चारा बरा हाय." तिथं दगडांशिवाय काही नाही.

वय झालं की माणसं हट्टी होतात.

३० जून

आज हिंमत केली. तहसीलला तक्रार दिली: 'अज्ञात इसमाने सांडव्यावर अनधिकृत भिंत बांधून सात कुटुंबांचे जीवित धोक्यात आणले आहे, त्याचा शोध घेऊन गुन्हा दाखल करावा.' पोच घेतली, शिक्का मारून.

घरी मोठ्यानं वाचून दाखवली. वाटलं होतं आप्पांना अभिमान वाटेल. त्यांनी विचारलं, "गुन्हा म्हंजी जेल व्हय?"

"व्हायलाच पाहिजे," मी म्हणाले. "असल्या माणसाला दयामाया नको."

आईची भाकरी तव्यावर करपली. "नाव न्हाय घातलंस न्हवं कुनाचं?"

"माहीत असतं तर घातलं असतं."

आप्पा ताटावरून उठले, भूक नाही म्हणाले.

१३ जुलै

मला बघायला होटगीचे लोक येऊन गेले. मुलाची आत्या माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "अंगठ्याशेजारचं बोट लांब हाय हिचं. नवऱ्यावर वरचढ व्हनार."

आई पटकन म्हणाली, "व्हईना का. तुमच्या भाच्याला कुनीतरी पायजेच वरचढ."

ते लोक परत कळवणार नाहीत. बरं झालं. दिवसभरात मी हसले ते तेवढंच. तहसीलमधून काही उत्तर नाही.

२९ ऑगस्ट

चार दिवस पाऊस. तलाव निम्म्याच्या वर. गाव खुशीत आहे. मी रोज सकाळी जाऊन अस्तराच्या दगडांवर खडूनं पाण्याची रेघ मारते. अण्णाराव मोटारसायकल थांबवून म्हणाले, "काय इंजिनेर, पान्याची हजेरी घेतीस व्हय?"

बांधावरची खाच भरलेली दिसली! माती घालून, धुमसानं ठोकून, वर दगड बसवून. काम ओबडधोबड, पण पक्कं. नंदीश सरांनी गुपचूप माणूस लावला असेल तर मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं ते चुकलं.

विचारलं. ते म्हणाले, "कोणती खाच?"

६ सप्टेंबर

तलाव भिंतीला टेकला. आज गावानं ओटी भरली.

पाणी भिंतीला टेकलं की पाच सवाष्णी सांडव्यावरच्या भिंतीवर उभ्या राहून पाण्याची खणा-नारळानं ओटी भरतात. मी पाचवीपासून सोलापूरला होस्टेलवर असायचे, कधी पाहिलंच नव्हतं. हलगी, गुलाल, आणि ज्या भिंतीनं जीव जाणार तिचीच पूजा. मी कडेला हात बांधून उभी होते. संतापानं कान गरम झाले होते.

पाचांत आई होती. तिनं ओटी सोडली, मग वाकली, आणि भिंतीच्या माथ्यावर हळद-कुंकू वाहिलं. चाचपडावं लागलं नाही. हात बरोबर त्या पावलाच्या ठशावर गेला. पाचही बोटांना एकेक टिकली, सवयीनं लावावी तशी.

बाया उतरल्यावर मी वर चढले. चप्पल काढली. माझं डावं पाऊल त्या ठशाशेजारी ठेवलं.

अंगठ्याशेजारचं बोट लांब. दोन्हींचं.

त्याच दिवशी, रात्री

आप्पा वाड्यात मेंढरांपाशी होते. मी विचारलं नाही, ओरडलेच. "तुम्ही बांधली?"

"मी आन् आनकी तिघं. ती तिघंबी आता न्हाईत."

"मी गावभर बोंबलत हिंडले! ग्रामसभेत हसं करून घेतलं! तुम्ही मागं बसून ऐकत होता!"

"व्हय."

"अस्तराचे दगड काढून! बांध उघडा पाडून! खाली कमलम्मा राहते, ते दिसलं नाही?"

त्यांनी कोकरू खाली ठेवलं. "तू चार वर्साची व्हतीस. तवा मकर सरली की आपुन मेंढरं घिऊन कोकनाकडं जायचो, आखाडात माघारी. पोरं संगं. तुझ्या थोरल्या चुलत्याची चारी पोरं अशीच हिंडली, एकबी शाळंत न्हाय टिकलं. पानी उन्हाळाभर टिकलं तर जायाचं कारन न्हाय. म्हनून भिंत घातली. त्या वर्सापास्नं आपुन गावात ऱ्हायलो. जून महिन्यात तुजं नाव शाळंत घातलं." कोकरू पुन्हा उचलत म्हणाले, "तलाव भरंल, असं कुनाच्या ध्येनातच न्हवतं गं. आमाला पानी कमी पडतंय एवढंच ठावं."

"आणि मी ते सिमेंट…"

"पळत आलीस भिंतीवरनं. वल्या शिमिटानं तळवं भाजलं. मीच धुतलं."

मला रडू आलं नाही. खूप राग आला, आणि तो ठेवायला जागाच सापडेना. माझी सगळी पुस्तकं, होस्टेल, ही लेव्हल कशी लावायची ते ज्ञान, सगळं त्या भिंतीवर उभं आहे, आणि त्याच ज्ञानानं मला सांगितलं की भिंत चूक आहे. हे त्यांनी मला एप्रिलमध्ये सांगायला हवं होतं. माझ्यावर तेवढा विश्वास नव्हता त्यांचा?

की मी 'दयामाया नको' म्हणाले म्हणून?

८ सप्टेंबर

आप्पांशी बोलत नाही. खाच त्यांनीच भरली, हे आता कळलं. तरी बोलत नाही.

तक्रार मागं घ्यावी का? पोच वहीत चिकटवलेली आहे. रोज तीच बघते.

१४ सप्टेंबर

सकाळी मोबाईलवर इशारा: संध्याकाळपासून अतिवृष्टी. पाणी भिंतीच्या माथ्याखाली एक बोट. ऑफिसला फोन केला. नंदीश सर म्हणाले, भिंत पाडायला लेखी आदेश लागेल आणि आज रविवार आहे. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. नोकरी टिकवायची असलेल्या बाईनं लिहू नये असं होतं.

फोन ठेवला तर आप्पा पहार घेऊन निघाले होते.

"थांबा," मी म्हणाले. आठ दिवसांत पहिला शब्द. "एकदम फोडली तर आपणच खालची घरं वाहून नेऊ. आधी माणसं हलवायची. मग बांधापासून लांबच्या टोकाकडनं, एकेक थर."

"तू सांगशील तसं," आप्पा म्हणाले.

इलाहीबक्षचाचा सुटीच्या दिवशी सोलापूरहून जीप घेऊन आले. कुणाच्या परवानगीनं, ते मी विचारलं नाही. सातही घरं शाळेत हलवली. कमलम्मा शेळी घेतल्याशिवाय जीपमध्ये बसेना. चाचा म्हणाले, "अम्मा, सरकारी गाडी है." ती म्हणाली, "शेळी बी सरकारी योजनेतलीच हाय." मग शेळी पुढच्या सीटवर बसली.

साडेबाराला पहिला दगड निघाला. एक वाजता अण्णाराव वीसएक माणसं घेऊन आले. "येडूबा, खुळा झालास व्हय? आमच्या तोंडचं पानी सोडतोस?"

आप्पा थांबले नाहीत. "बांधली तवा तुला इचारलं न्हवतं, अण्णाराव. फोडतानाबी न्हाय इचारत."

"पोलिसात दीन!"

"दे की. माज्या लेकीनं आधीच दिलंय. रांगंत हुबा ऱ्हा."

कुणी अंगावर आलं नाही. त्या भिंतीवर आप्पांच्या शेजारी कुणी कुणी सिमेंट कालवलं होतं, ते म्हाताऱ्यांना माहीत होतं. शरणप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं सदरा काढला आणि दुसरी पहार घेतली. "माजा भाऊ व्हता बांधताना," एवढंच म्हणाला.

मी खडूनं रेघा मारत होते आणि ओरडत होते. आता थांबा, पाणी उतरू द्या, आता पुढचा थर. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणी ऐकत होतं. पाच वाजता शेवटचा थर निघाला. पाणी सांडव्यातून तांबडं, फेसाळत, सरळ जाऊ लागलं. दिवस मावळताना पाऊस आला.

१५ सप्टेंबर

पहाटे उजाडल्याबरोबर गेलो. कमलम्माच्या अंगणात गुडघाभर गाळ. एक चूल गेली, पलीकडच्या घराची मागची भिंत खचली. माणसं सगळी आहेत.

बांधाच्या आतल्या उतारावर काटक्या-कचऱ्याची रेघ लागलीय, पाणी किती चढलं त्याची. आप्पांनी भरलेल्या खाचेच्या माथ्याखाली ती रेघ दीड हात आहे. भिंत अडीच हात होती; ती असती तर पाणी तेवढं आणखी वर चढलं असतं. हिशोब मी दोनदा केला, मग वही मिटली.

अण्णाराव बांधावर आले. म्हणाले, "हिरीत पानी तरी ऱ्हातंय का बगू आता उन्हाळ्यात." आणि गेले. त्यांचं तेही खोटं नाही.

२३ सप्टेंबर

आप्पांना नोटीस आली. 'शासकीय तलावाच्या सांडव्यावरील बांधकामाची नासधूस व पाणीसाठ्याचे नुकसान.' सोबत माझ्या ३० जूनच्या तक्रारीची प्रत जोडलेली आहे, तहसीलचा शिक्का, माझी सही. अडीच महिने माझ्या तक्रारीवर कुणी बोट ठेवलं नाही. धोका होता तेव्हा 'अज्ञात इसम' कुणाला सापडला नाही. धोका त्यानं स्वतःच्या हातानं काढला आणि नऊ दिवसांत सापडला!

नोटीस वाचून दाखवली. आप्पांनी विचारलं, "माजं नाव बरुबर लिवलंय का?"

२६ सप्टेंबर

नंदीश सरांनी बोलावलं. समोर पावसाळ्यानंतरच्या पाहणीचा कोरा फॉर्म.

"ऐका. तुमच्या भल्याचं सांगतो. लिहा की सांडवा मोकळा आढळला. एवढंच. भिंत होती असं आपल्या खात्याच्या कुठल्याच कागदावर नाही, तुमचा एप्रिलचा अहवाल माझ्याच टेबलावर आहे. भिंतच नव्हती तर कुणी बांधली नाही, कुणी फोडली नाही. नोटीस आपोआप पडते. वडील सुटतात."

"आणि स्थिती?"

"समाधानकारक. आणि यंदा ते खोटंही नाही."

फॉर्म घेऊन घरी आले. एसटीत सगळा वेळ वाटत होतं, काय हरकत आहे? एक ओळ. सहा वर्षं इतरांनी लिहिलीच की.

रात्री जेवताना आप्पांना सांगितलं. ते बोटं चाटत विचार करत होते.

"भिंतच न्हवती म्हनायचं?"

"हो."

"मग फुडच्या दुष्काळात दुसरा कुनीतरी घालंल. त्याला कोन सांगनार हितं काय झालं व्हतं?" पाणी प्यायले. "लिव. पर समदं लिव. बांधली तेबी, फोडली तेबी. मेंढरांचंबी लिव."

"आप्पा, गुन्हा होईल."

"तू म्हनाली व्हतीस की, व्हायलाच पायजे."

टोमणा होता की नाही, कळलं नाही. आई तोंडाला पदर लावून हसत होती, किंवा हसत नव्हती. रांजण कलता करून मला तिनं पाणी दिलं. रांजणाखाली सिमेंटचा एक तुकडा आहे, हळद-कुंकवासकट. आप्पांनी तो कधी आणला, मला माहीत नाही.

२७ सप्टेंबर

फॉर्म भरला. एप्रिलच्या अहवालाची प्रत जोडली. माझ्याकडं आहे, मी कधीच एकच प्रत काढत नाही. मेंढरांना चढायला बांधाच्या कडेनं दगडी पायवाट करून द्यावी, असं सुचवलं. चाळीस विहिरींसाठी वरच्या अंगाला दुसरा लहान बंधारा हवा, तेही लिहिलं. नाहीतर गाव पुन्हा हेच करेल, आणि मला त्याला दोष देता येणार नाही.

बांधाची स्थिती: समाधानकारक नाही.

'अनधिकृत बांधकाम करणाऱ्यांची नावे' या रकान्यापाशी बराच वेळ बसले. मग निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

१. येडू सिदा बंडगर, मेंढपाळ. (दि. १४ सप्टेंबर रोजी स्वतः काढून टाकले.)

२. सोनम येडू बंडगर, वय त्या वेळी चार वर्षे. पुरावा: डाव्या पावलाचा ठसा. लाभ: शिक्षण.